रविवारी रुजू झालेल्या अठराजणी

त्या बाई ऑफिसात शिरल्या तेव्हा मी माझ्याच प्रोग्रॅमचं कौतुक ऐकत चहा पीत होते.

"तीन कारकून महिनाभर घासत बसले असते, ते आमच्या काळोखेनं दोन दिवसांत उडवलं," आमच्या ऑफिसचे मालक फडतरे सर फोनवर कुणाला तरी सांगत होते. मी ऐकू येत नसल्यासारखं तोंड करून बशीतला चहा संपवत होते. चोवीस वर्षांची होते, बार्शीत तीन कंप्युटरांच्या ऑफिसात नोकरीला होते, आणि माझ्याएवढी हुशार पोरगी पंचक्रोशीत नाही अशी माझी खात्री होती. माझी आई म्हणायची, जयीची चूक काढायची तर आधी डोक्यावर हेल्मेट घालावं.

बाई चाळिशी ओलांडलेल्या. खांद्याला कापडी पिशवी, पदराला पिन, हातात घडी घातलेले कागद.

"शिक्षकांची यादी कुणी काढली?"

"मी काढली," मी म्हणाले. चांगल्या तोऱ्यात म्हणाले.

"मग अनुक्रमांक एकशे अडतीस वाचा जरा."

मी कागद घेतला. यादी आमच्याच तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेची होती. तिच्या अकरा शाळा आणि एकशे बेचाळीस शिक्षक. पोरांचा पट घसरला की शिक्षक जास्त होतात, आणि मग नोकरीत जे सर्वांत नवे, त्यांना 'अतिरिक्त' ठरवून लांबच्या कुठल्या तरी शाळेवर पाठवतात. त्या वर्षी चौदाजण जायचे होते. म्हणजे यादीतले शेवटचे चौदा.

"घोगरे वैजयंती सुभाष," मी वाचलं. "सहायक शिक्षक. रुजू दिनांक सात जून दोन हजार नऊ."

"आज किती तारीख?"

"एकोणीस जून."

"म्हणजे मला नोकरीला लागून बारा दिवस झाले. अगं, माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आता स्वतःच्या पोरांना शाळेत सोडायला येतात."

झोंबलंच मला. "बाई, कंप्युटर मनानं काही लिहीत नाही. तुमच्या मुख्याध्यापकांनी जी माहिती पाठवली तीच छापली गेली. त्यांना जाऊन विचारा."

बाई चिडल्या नाहीत. वर्गात उत्तर चुकलेल्या पोरीकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सात जूनला वार कोणता होता?"

भिंतीवर कॅलेंडर होतं. मी बघितलं. रविवार होता.

"आणि शाळा कधी उघडल्या?"

"पंधराला."

"हं. म्हणजे सुट्टीतल्या रविवारी मी बंद शाळेत जाऊन रुजू झाले. एकटी नाही हं, माझ्यासोबत आणखी सतराजणी. मी मोजल्यात. अठराच्या अठरा बायका, त्यात औषधाला एक बाप्या नाही. असं कसं गं झालं?"

मी कॅलेंडरकडं पुन्हा बघितलं. कारण त्या रविवारी ऑफिसात बसून तो प्रोग्रॅम मीच चालवला होता.

आता तो प्रोग्रॅम म्हणजे काय, ते सांगते. काही अवघड नाही. माझ्याकडं दोन याद्या होत्या. एक जुनी, संस्थेनं दोन वर्षांपूर्वी नेमणुकीच्या पत्रांवरून केलेली. तिच्यात शिक्षकाचं नाव आणि तो रुजू झाल्याची तारीख. दुसरी नवी, शाळांनी त्याच महिन्यात पाठवलेली. तिच्यात आजची नावं, आजच्या शाळा, पण तारीख नाही. नव्या यादीतला एकेक माणूस घ्यायचा, त्याचं नाव जुन्या यादीत वरपासून खालपर्यंत हुडकायचं, जुळलं की जुन्यातली तारीख उचलून नव्यात टाकायची. बारा ओळींचं काम. कॉलेजात पोरं पहिल्या वर्षाला करतात.

फक्त एक गोष्ट राहते. नाव सापडलंच नाही तर? मी कुणाला विचारलं नाही. सापडलं नाही म्हणजे नवा माणूस, असं स्वतःच ठरवलं आणि लिहून टाकलं, की नवा माणूस असेल तर आजची तारीख टाक. त्या ओळीवर मी दोन मिनिटंसुद्धा घालवली नव्हती.

"बाई," मी विचारलं, आणि माझा तोरा तोवर उतरला होता, "लग्नाआधीचं तुमचं आडनाव काय?"

"ढेकळे."

मी जुन्या यादीत 'ढेकळे' हुडकलं. वैजयंती ढेकळे नव्हतीच कुठं. एकच ढेकळे होती, गोदावरी लिंबाजी. रुजू दिनांक एक ऑगस्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी.

"ही कोण? तुमची बहीण का?"

बाईंनी फडतरे सरांकडं बघितलं. सर फोनवरच होते. मग त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "मीच की. लग्नात बदललं. तांदळाचं ताट पुढं ठेवलं, ह्यांनी अंगठीनं त्यात नाव काढलं, आणि सगळे म्हणाले वाच. मी वाचलं, वैजयंती. तेव्हा कळलं मला, माझं नाव काय ते. मग सासूबाईंनी ताट हलवलं, आणि ते तांदूळ दुसऱ्या दिवशी खिरीत घातले."

"आणि शाळेत?"

"हेडमास्तरांनी मस्टरवर नवं नाव लिहिलं. अभिनंदन केलं. संपलं."

मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. अहो, माझ्याच घरात काय वेगळं होतं? माझ्या तीन मावश्या, तिघींना दोन-दोन नावं. आजोळी गेलं की माझी आईच वेगळ्या नावाची होते. ह्या बायकांमध्ये वाढलेली मी, आणि प्रोग्रॅम लिहिताना धरून काय चालले, तर माणूस ज्या नावानं नोकरीला लागतो त्याच नावानं रिटायर होतो. बाप्यांचं होतं तसं. एकशे चोवीस लोकांची नावं जुळली, म्हणून मी स्वतःवर खूश होऊन रविवारी संध्याकाळी भेळ खाल्ली होती.

"चौदाजणांना कुठं पाठवणार आहेत?" मी विचारलं.

"मला खांडेवाडी. साठ किलोमीटर. सकाळी एक एसटी, संध्याकाळी एक." बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. "आमच्या ह्यांना चार वर्षांपूर्वी लकवा झाला, पोरी. अंथरुणावरच असतात. दुपारच्या मोठ्या सुट्टीत मी घरी जाते, त्यांना कुशीवर वळवते, दोन घास भरवते आणि घंटेच्या आत परत येते. शाळेपासून घर सात मिनिटांवर आहे. मूल नाही आम्हाला. खांडेवाडीवरून मी दुपारची कशी येऊ, ते तूच सांग."

"कुठं जायचं नाही तुम्हाला. दहा मिनिटांत दुरुस्त करते."

"बाई, तुम्ही या आता," मागून फडतरे सरांचा आवाज आला. फोन कधी संपला होता कोण जाणे. "उद्या हरकतींची सुनावणी आहे ना अकरा वाजता? तिथं हरकत घ्या. आम्ही फक्त छापणारे."

बाई उठल्या. दाराशी थांबून मला म्हणाल्या, "मी गणित शिकवते. माझ्या पोरांना एवढंच सांगते, जोड्या लावताना ह्या बाजूला काही उरलं, तर त्या बाजूलाही बघा. तिकडंही उरलेलं असतं." आणि गेल्या.

सर दार लावून माझ्यासमोर बसले. वाईट माणूस नव्हता हो. घाबरट होता. "काळोखे, यादीवर संस्थेच्या सेक्रेटरीची सही झालीय. आता आपण म्हणायचं की आमचं चुकलं? हात दाखवून अवलक्षण कशाला? त्यांच्या अकरा शाळांचं काम आहे आपल्याकडं."

"पण सर, चुकलंय."

"कुणी म्हणालं का तसं? सेक्रेटरी साहेब तर खूश आहेत."

का खूश होते ते दुपारी कळलं. सरांनी फोन करून कानावर घातलं, आणि तीन वाजता सेक्रेटरी रणनवरे स्वतः जिना चढून वर आले. पांढरी सफारी, अत्तराचा वास. मी उभी राहिले तर म्हणाले, "बस, बस. लेकीसारखी आहेस." मला तेव्हाच कळायला हवं होतं. जो आपला बाप नाही तो लेकीसारखी म्हणाला, की समजावं काहीतरी गळ्यात घालणार.

"काय म्हणतेस, यादीत चूक आहे?"

"हो साहेब. माझी चूक आहे."

"छे छे! एवढी हुशार पोरगी तू. तुझी कसली चूक?"

"नावं बदललेल्या बायकांना मी नव्या धरलं. अठराजणी आहेत. त्यांच्या तारखा पुन्हा टाकल्या की शेवटचे चौदा वेगळे येतील."

"कोण येतील?" त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

मी त्यांच्या येण्याआधीच बघून ठेवलं होतं. शेवटच्या चौदांत दोन रणनवरे होते, आणि साहेबांच्या साडूचा मुलगा होता. तिघंही तीन वर्षांपूर्वी लागलेले. कानामागून आले आणि तिखट झाले. मी नावं सांगितली. फडतरे सरांनी कपाळाला हात लावला.

रणनवरे हसले. "हे बघ बाळ. नाव जुळत नाही म्हणजे माणूस वेगळा. साधी गोष्ट आहे. ज्यांना वाटतं आपण जुन्या आहोत, त्यांनी उद्या अकरापर्यंत नाव बदलल्याचं राजपत्र आणावं, लग्नाचा दाखला आणावा. मी नको म्हणतो का?"

"एका रात्रीत कुठून आणतील? वीस वर्षांपूर्वी कुणी लग्नं नोंदवली होती? मस्टरवर नाव तुमच्या शाळेनंच बदललं की. सेवापुस्तकं तुमच्या कपाटात आहेत. उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे."

"कपाटाची किल्ली अध्यक्षांकडं असते, आणि अध्यक्ष गावाला गेलेत." ते खुर्ची ओढून जवळ बसले. "आमच्या ज्युनिअर कॉलेजात कंप्युटरची जागा निघतेय. कायमची. तुझ्यासारखी पोरगी हवी आहे मला तिथं. आणि यादीचं म्हणशील तर, कंप्युटर काय चुकत नसतो."

"कंप्युटर नाही चुकला साहेब. मी चुकले."

"तू नाही चुकलीस."

"चुकले मी!"

"अगं, नाही चुकलीस, म्हणतोय ना!"

काय दिवस होता बघा. जन्मात मी स्वतःहून चूक कबूल केली नव्हती. पहिल्यांदा करायला गेले, तर दोन बाप्ये मिळून मला पटवत होते की माझी चूकच नाही. आणि जितकं ते नाही म्हणत होते तितकी मी पेटत होते. माझी चूक आहे ती! मी केलीय! तुम्ही कोण ती माझ्याकडून काढून घेणारे?

"नोकरी नको मला तुमची," मी म्हणाले. "ज्या यादीत माझा घोळ आहे, ती घेऊन तुम्ही लोकांची घरं हलवणार, आणि वर सांगणार कंप्युटरनं केलं. मी नाही तसं होऊ देणार."

रणनवरे उठले. हसणं गेलं होतं. "फडतरे, तुमची माणसं तुमच्या ताब्यात ठेवा," एवढं बोलून जिना उतरले.

सरांनी जिन्याचं दार लावलं. मग म्हणाले, "काळोखे, उद्या तू त्या हॉलमध्ये दिसलीस, तर सोमवारी येऊ नकोस. मला दुसरा इलाज नाही."

"बरं," मी म्हणाले.

मग मी खुर्चीत बसले आणि बाईंनी सांगितलं तसं उलट्या बाजूनं बघायला घेतलं. तेच बारा ओळींचं काम, फक्त आता जुनी यादी धरायची आणि नव्यात हुडकायचं. जुन्यातलं कोण नव्यात सापडत नाही? रिटायर झालेल्यांच्या आणि वारलेल्यांच्या नावापुढं संस्थेनंच शेरा मारून दिला होता. ती नावं वगळली. उरली ती स्क्रीनवर आली. मी मोजली. पुन्हा मोजली. मग प्रिंटरला कागद लावला.

आमचा प्रिंटर जुना, ठोके मारत छापणारा. खालच्या पानटपरीपर्यंत आवाज जायचा. फडतरे सर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले, आणि कागद फाडून पर्समध्ये घालेपर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही. ते उपकार मी विसरलेली नाही.

शनिवारी संस्थेच्या मोठ्या शाळेचा हॉल भरलेला. पुढं टेबल. मधोमध शिक्षण विभागाचे बिडकर साहेब, वयानं रिटायरमेंटला आलेले, समोर फायलींचा गठ्ठा. शेजारी रणनवरे. शिक्षक बाकांवर, पोरांच्या बाकांवर बसलेले, गुडघे पोटाशी. मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले.

घोगरे बाईंचं नाव पुकारलं. त्या पुढं गेल्या, नेमणुकीचं जुनं पत्र टेबलावर ठेवलं.

"हे गोदावरी ढेकळे यांचं आहे," बिडकर म्हणाले.

"मीच ती, साहेब."

"कशावरून? राजपत्र आहे? विवाह नोंदणी?"

"नाही. लग्नाचा फोटो आहे."

कुणीतरी हसलं. बाईंनी पिशवीतून फोटो काढलाच होता, तो तसाच हातात राहिला.

"बाई, मला कागद लागतो," बिडकर म्हणाले. त्यांचा आवाज काही दुष्ट नव्हता. रोज हेच करून शिळा झालेला आवाज होता. "तुम्ही खरं बोलत असाल. पण मी कशावर सही करू?"

"आणि यादी कंप्युटरनं काढलेली आहे," रणनवरे म्हणाले. "माणसाचा हात लागलेला नाही. कुणावर अन्याय व्हायचा प्रश्नच नाही. पुढचं नाव घ्या."

बाई मागं वळल्या. एकवीस वर्षं ज्या शाळेत खडू घासला, तिथं त्या परक्यासारख्या दिसत होत्या. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, तो कंप्युटर मी आहे!" मी मागून ओरडले.

सगळ्या माना वळल्या. मी बाकांमधून वाट काढत पुढं गेले. "जयमाला काळोखे. ही यादी मी काढलीय आणि ती चुकलेली आहे. माझ्या हातानं चुकलीय."

"ही बाहेरची आहे साहेब, हिला बोलायचा अधिकार नाही," रणनवरे उठलेच.

"कालपर्यंत लेकीसारखी होते!" मी म्हणाले. हॉलमध्ये खसखस पिकली. "अधिकार नसू दे. दोन प्रश्न विचारते, मग हाकला मला. बिडकर साहेब, ह्या अठराजणींची रुजू तारीख बघा. सात जून. रविवार आहे. मे-जूनची सुट्टी. तुमच्या सगळ्या नोकरीत रविवारी रुजू झालेला मास्तर बघितलाय का?"

बिडकरांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदा यादी नीट जवळ घेतली.

"दुसरं." मी पर्समधून कागद काढला. "जुन्या यादीतली ही नावं. ह्या रिटायर नाहीत, वारलेल्या नाहीत, ह्यांनी राजीनामा दिलेला नाही. संस्थेचा कसलाही शेरा नाही ह्यांच्यापुढं. पण नव्या यादीत ह्या कुठंच नाहीत. मोजा साहेब. अठरा आहेत. सगळ्या बायका. एका बाजूनं अठरा बाया गायब झाल्या आणि एका रविवारी दुसऱ्या बाजूनं अठरा बाया उगवल्या. आता सेक्रेटरी साहेब म्हणतात ह्या वेगळ्या आणि त्या वेगळ्या. ठीक आहे. मग त्या जुन्या अठराजणींना तुम्ही कधी काढलं, त्याचा कागद दाखवा. आणि ह्या नव्या अठराजणींना तुम्ही कधी नेमलं, जाहिरात कधी दिली, ह्या साहेबांच्या खात्याची परवानगी कधी घेतली, त्याचाही कागद दाखवा. कागद सगळ्यांनाच लागतो ना?"

 बिडकर हळूहळू रणनवऱ्यांकडं वळले. शिळा आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"रणनवरे साहेब, शिक्षक जास्त झालेत म्हणून तुम्ही मला बोलावलंत. आणि बारा दिवसांपूर्वी अठरा नवे नेमलेत? परवानगीशिवाय?"

"नाही, नाही साहेब! नेमणुका कुठल्या! तसं काही नाही."

"मग ह्या कोण आहेत?"

रणनवऱ्यांनी रुमाल काढला. आत्तापर्यंत न चुकणारा कंप्युटर त्या क्षणी चुकला. "मशीनचं काहीतरी झालं असेल," ते म्हणाले. "शेवटी यंत्र ते. चुकतंच कधी कधी."

"यंत्राला कशाला बोल लावता?" मी म्हणाले. "चूक माझी आहे, मी म्हणतेय ना!"

बिडकरांनी हात वर करून मला गप्प केलं. "मुली, तो कागद वाच. एकेक नाव. जिचं असेल तिनं उठून उभं राहायचं, आणि सोबत काम करणाऱ्या दोघांनी ओळख पटवायची. मी तसं लिहून घेतो. सेवापुस्तकं सोमवारी माझ्या टेबलावर हवीत. अध्यक्ष कुठंही गेलेले असोत."

मी वाचायला लागले. "ढेकळे गोदावरी लिंबाजी."

"हजर," घोगरे बाई म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या. वर्गात म्हणतात तसं.

मग सगळ्यांनी तेच धरलं. "गायकवाड चतुरा रामचंद्र." हजर. "सय्यद मुमताज इब्राहिम." हजर. "भालेराव रत्नप्रभा केरू." त्यांना दुसऱ्या दोन नावांनी लोक ओळखत होते, एक नवऱ्याच्या घरचं आणि एक नवरा सोडल्यावर स्वतः घेतलेलं. त्या उठल्या तेव्हा त्यांच्याच शाळेतले मास्तर तोंडात बोट घालून बघत राहिले. पंधरा वर्षं एका स्टाफरूममध्ये डबा खाल्लेल्या बायकांना एकमेकींची नावं तेव्हा कळत होती.

"थिटे यमुना बळवंत," मी वाचलं.

कुणी उठलं नाही.

"थिटे यमुना बळवंत!"

बायका इकडंतिकडं बघायला लागल्या. रणनवऱ्यांच्या तोंडावर जरा तरतरी आली. तिसऱ्यांदा वाचणार, एवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एका पिकल्या केसांच्या बाईंनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई! मीच की ती!"

सगळा हॉल हसला. त्याही हसत उठल्या, "हजर" म्हणाल्या, आणि खाली बसताना त्यांना रडू फुटलं. शेजारणीनं विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, "काही नाही गं. आई गेल्यापासून ह्या नावानं कुणी हाक नाही मारली." मी पुढचं नाव वाचायला घेतलं आणि दोनदा चुकीचीच ओळ वाचली. बिडकरांनीच माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

अठराच्या अठरा उठल्या. सोमवारी सेवापुस्तकं निघाली, सगळं जुळलं. नवी यादी खात्यानं हातानं लिहिली. घोगरे बाई एकतीस नंबरवर गेल्या आणि दुपारच्या सुट्टीत घरी जात राहिल्या. खांडेवाडीला साडूचा मुलगा गेला. आणि मी सोमवारी ऑफिसला गेले नाही. चार महिने घरी बसून आईची बोलणी खाल्ली. एका शब्दाचाही पश्चात्ताप झाला नाही.

पण त्या शनिवारचं एक राहिलं. सगळं आटोपल्यावर बिडकर निकालाचा कागद लिहीत होते. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते, "संगणकीय त्रुटीमुळे सदर नोंदी..."

"संगणकीय नाही," मी म्हणाले. "माझं नाव लिहा."

त्यांनी वर बघितलं. "अगं, तुझ्याच भल्यासाठी गुळगुळीत लिहितोय. हा कागद कायम राहतो. पुढं नोकरी मागायला जाशील, कुणाच्या हाती लागला तर?"

"लागू दे. चूक माझी आहे, तर खाली नाव माझं पाहिजे."

त्यांनी कागद पुन्हा पुढं ओढला. मग 'संगणकीय त्रुटी'वर रेघ मारली. "पूर्ण नाव?"

"जयमाला नामदेव काळोखे."

"लग्न झालंय?"

"दिवाळीनंतर आहे."

बिडकरांनी पेन उचललं. "मग पुढंमागं पंचाईत नको. होणारं नावही सांग, कंसात टाकतो."

बायका दाराशी थांबल्या होत्या. घोगरे बाई होत्या, थिटे बाई होत्या. त्या ऐकत होत्या. होणाऱ्या सासरी माझ्यासाठी दुसरं नाव ठरलं होतं, मला सांगितलंही होतं, आणि बरं दिसतंय की, असं मीसुद्धा म्हणाले होते.

"कंस नको साहेब," मी म्हणाले. "एवढंच लिहा. हे बदलणार नाही."

त्यांनी तेवढंच लिहिलं. मी घरी आले आणि त्याच संध्याकाळी सासरी फोन लावून सांगितलं, की ताटात तांदूळ हवे तेवढे घाला, पण नाव माझंच काढा.